लहानपणी मांजरीच्या पोटातला जंत काढणाऱ्या डॉक्टरने डासांचं गुपित शोधून काढलं

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर काही कामं अंगवळणी पडलेली असतात. जंतांचं औषध वेळेवर द्यायचं, कानामागे गोचीड चिकटलीय का ते बघायचं, अंगावर पिसवा दिसल्या की अंथरूण-पांघरूण धुवायला काढायचं. पण हार्टवर्म हा शब्द ऐकला की भलेभले श्वानप्रेमी गोंधळतात. पोटातले जंत माहितीयेत, पण हृदयात जंत? आणि ते तिथे पोचतात तरी कसे?

उत्तर एका शब्दाचं आहे. डास.

डास एखाद्या हार्टवर्म असलेल्या कुत्र्याला चावतो, रक्ताबरोबर जंताची सूक्ष्म पिल्लं पोटात घेतो, ती डासाच्या अंगात वाढतात आणि पुढच्या कुत्र्याला चावताना त्याच्या अंगात उतरतात. आज हे गुगलवर एका मिनिटात सापडतं. पण साधारण 150 वर्षांपूर्वी डासामुळे कुठला आजार होऊ शकतो असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. ताप यायचा तो दलदलीच्या दूषित हवेमुळे, अशीच तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती.

ही समजूत मोडायला सुरुवात केली एका स्कॉटिश डॉक्टरने. आणि त्याला वाट दाखवली ती चीनमधल्या कुत्र्यांनी.

त्या डॉक्टरचं नाव, सर पॅट्रिक मॅन्सन.

तर झालं असं की, 3 ऑक्टोबर 1844 ला स्कॉटलंडमधल्या ओल्डमेल्ड्रम नावाच्या छोट्या गावात मॅन्सन यांचा जन्म झाला. वडील बँकेत मॅनेजर होते, थोडी शेतीवाडी होती. घरात नऊ भावंडं. पॅट्रिकचं मन शाळेपेक्षा शिकार, मासेमारी आणि सुतारकामात जास्त रमायचं. त्यांच्या लहानपणीचा एक किस्सा चरित्रकार हमखास सांगतात. अकरा-बारा वर्षांच्या पॅट्रिकने त्रास देणाऱ्या एका मांजरीला गोळी घातली. दुसरा कुणी असता तर गोष्ट तिथेच संपली असती. याने मात्र ती मांजर फाडून बघितली आणि तिच्या आतड्यातून एक लांबलचक पट्टकृमी बाहेर काढला.

आजच्या नजरेने बघितलं तर हा प्रकार क्रूर होता. पण एका प्राण्याच्या आत दुसरा प्राणी राहतो, ही गोष्ट त्या मुलाच्या डोक्यात जी बसली ती कायमची.

पुढे काही काळ त्यांनी अ‍ॅबरडीनमधल्या नातेवाइकांच्या लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारी केली. तिथलं काम अंगावर आलं. मणक्याचं दुखणं जडलं, एक हात अधू झाला आणि दिवसाचा बराचसा वेळ आडवं पडून राहायची वेळ आली. त्या पडून राहण्याच्या काळात अभ्यासाची गोडी लागली आणि कारखान्याऐवजी ते मेडिकलला गेले. 1865 मध्ये अ‍ॅबरडीन विद्यापीठातून ते डॉक्टर झाले.

1866 मध्ये त्यांना नोकरी लागली ती थेट तैवानमध्ये. चिनी साम्राज्याचं एक सागरी कस्टम खातं होतं. बंदरात येणारी जहाजं तपासायची, खलाशांवर उपचार करायचे आणि त्या भागात कुठले आजार आहेत याचा अहवाल द्यायचा, असं हे काम. पाच वर्षं तिथे काढून 1871 मध्ये ते चीनच्या अमॉय बंदरात आले. आज या शहराला शियामेन म्हणतात.

अमॉयमध्ये त्यांच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त येणारे पेशंट होते हत्तीरोगाचे. पाय सुजून खांबासारखा होणं, अंडकोष वाढून चालताही न येणं, कामधंदा सुटणं, चारचौघांत तोंड लपवून राहणं. मॅन्सन यांनी शस्त्रक्रिया करून शेकडो लोकांच्या अंगावरची ही ओझी उतरवली. पण हा रोग होतो कशामुळे, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

1875 मध्ये ते रजेवर इंग्लंडला गेले. त्याच रजेत हेन्रिएटा थर्बर्न यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पण सुट्टीतही डोक्यातून हत्तीरोग जात नव्हता. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून पुस्तकं चाळताना त्यांच्या हाती कलकत्त्याचं संशोधन लागलं.

कलकत्त्यात टिमोथी लुईस नावाचे लष्करी डॉक्टर होते. 1872 मध्ये त्यांना माणसाच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जंत सापडले होते. हत्तीरोगाशी त्यांचा काहीतरी संबंध आहे असं लुईस यांना वाटत होतं. याच लुईस यांनी कलकत्त्यातल्या भटक्या कुत्र्यांचं रक्तही तपासलं होतं आणि तिथेही त्यांना तसेच जंत दिसले होते.

मॅन्सन एक चांगला मायक्रोस्कोप घेऊन अमॉयला परतले.

पण अडचण अशी होती की रक्तात दिसत होती ती नुसती पिल्लं. त्यांचे आईबाप कुठे आहेत? ते बघायचं तर मेलेल्या माणसाचं शरीर उघडून बघायला हवं. आणि त्या काळातल्या चिनी समाजात प्रेताची चिरफाड हा घोर अपराध मानला जायचा. त्यामुळे शवविच्छेदन जवळपास अशक्यच.

मग मॅन्सन वळले कुत्र्यांकडे.

अमॉयच्या कुत्र्यांच्या रक्तातही अशीच पिल्लं सापडत होती. मेलेला कुत्रा उघडून बघितला की हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता दिसायचा. यातली मादी वीतभर किंवा त्याहून लांब असते. हाच तो हार्टवर्म, शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमायटिस.

कुत्र्यात आईबाप आणि पिल्लं दोन्ही एकाच वेळी बघायला मिळाल्यामुळे मॅन्सन यांना एक हिशेब सुचला आणि सगळा शोध या हिशेबावर उभा राहिला.

हिशेब साधा होता. एका कुत्र्याच्या रक्तात पिल्लं असतात हजारो-लाखो. ही सगळी जर त्याच कुत्र्याच्या अंगात वाढून मोठी झाली, तर कुत्रा लगेच मरेल. आणि कुत्रा मेला की जंतही संपले. म्हणजे जंताची जात टिकायची असेल तर या पिल्लांना कुत्र्याच्या अंगातून बाहेर पडून दुसरीकडे वाढावं लागणार. पण ती तर रक्तात बंदिस्त आहेत, स्वतःहून बाहेर पडू शकत नाहीत. म्हणजे त्यांना कुणीतरी बाहेर काढत असणार. रक्त पिऊन बाहेर काढणारं कोण? पिसू, ऊ, ढेकूण, जळू, डास.

माणसाच्या हत्तीरोगालाही हाच हिशेब लागू होत होता. आणि हा रोग ज्या उष्ण, दमट भागात दिसतो, तिथे भरपूर असतो तो डास. मॅन्सन यांनी डासावर बोट ठेवलं.

1877 मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. त्यांचा हिन लो नावाचा माळी होता, ज्याच्या रक्तात ही पिल्लं होती. त्याला एका खास बांधलेल्या खोलीत झोपवलं. शेजारी दिवा ठेवला, दार उघडं ठेवलं, डास आत शिरले की दार बंद. सकाळी भिंतींवर रक्त पिऊन टम्म फुगलेले डास बसलेले असायचे. तंबाखूचा धूर सोडून त्यांना गुंगी आणायची, बाटलीत पकडायचं आणि मग एकेक डास मायक्रोस्कोपखाली फाडून बघायचा.

डासाच्या पोटात गेलेली पिल्लं मेली नव्हती. उलट माणसाच्या रक्तात असताना त्यांच्या अंगावर जी पातळ पिशवी होती ती फाडून ती बाहेर पडली होती, पोटाची भिंत भेदून डासाच्या छातीतल्या स्नायूंमध्ये घुसली होती आणि तिथे दिवसागणिक वाढत होती. पचून जाण्याऐवजी ती तिथे घर करत होती.

माणसाला रोग देणारा जीव आपलं निम्मं आयुष्य कीटकाच्या अंगात काढतो, हे जगात पहिल्यांदाच दिसलं होतं.

इथे थोडं थांबून हिन लोबद्दल बोलायला हवं. डास त्याला रोग देत नव्हते, रोग त्याला आधीच होता. पण मालकाने सांगितलं म्हणून नोकराने स्वतःला रात्रभर डासांकडून फोडून घ्यायचं, हा प्रकार आजच्या संशोधनाच्या नियमांत बसणार नाही. शोधाचं श्रेय मॅन्सन यांच्या नावावर आहे, रक्त मात्र हिन लोचं होतं.

याच काळात मॅन्सन यांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट कळली. त्यांनी रक्त तपासायला दोन चिनी सहाय्यक ठेवले होते. रात्री तपासणाऱ्याला पिल्लं भरपूर सापडायची, दिवसा तपासणाऱ्याला जवळपास नाहीच. माणसं तीच, रक्त तेच. मग ठरावीक तासांनी रक्त घेऊन बघितलं तेव्हा समजलं, की संध्याकाळ झाली की पिल्लं त्वचेजवळच्या रक्तात यायला लागतात, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात जास्त असतात आणि सकाळ होता होता गायब होतात. तिथला डासही रात्रीच चावायचा. दोघांचं वेळापत्रक बरोबर जुळत होतं. लंडनमध्ये ही माहिती पोचली तेव्हा हे जंत खिशात घड्याळ ठेवतात की काय, अशी थट्टा झाल्याचं सांगतात.

पण मॅन्सन यांचं हे निरीक्षण आजही जसंच्या तसं वापरात आहे. आपल्याकडे विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागात हत्तीरोग आहे. तिथे आरोग्य कर्मचारी हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रात्री घरोघर जाऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात. दिवसा का येत नाही, झोपमोड कशाला करता, असं अनेकांना वाटतं. त्यामागचं कारण अमॉयमध्ये सापडलेलं आहे.

आता तुम्हाला वाटेल की कोडं सुटलं. तर नाही. अगदी शेवटच्या पायरीवर मॅन्सन चुकले.

डासाच्या अंगात वाढलेला जंत परत माणसात कसा जातो? आज आपण लगेच म्हणू, डास चावल्यावर. पण मॅन्सन यांचा समज असा होता की डास आयुष्यात एकदाच रक्त पितो, पाण्यावर अंडी घालतो आणि तिथेच मरतो. त्यांच्या बाटलीतले डास चार-पाच दिवसांत मरायचे, त्यामुळे या समजाला दुजोराच मिळत होता. मग त्यांनी मांडलं की मेलेल्या डासातून जंत पाण्यात येतात आणि ते पाणी प्यायल्यावर माणसात जातात.

डासांबद्दल माहिती मिळवायची त्यांनी खटपट केली नाही असं नाही. त्यांनी लंडनहून डासांवरचं पुस्तक मागवलं. अनेक महिन्यांनी पार्सल आलं, त्यात निघालं झुरळांवरचं पुस्तक, असा किस्सा सांगितला जातो. जगाच्या एका कोपऱ्यात, ना प्रयोगशाळा ना सहकारी, अशा अवस्थेत ते काम करत होते.

ही चूक दुरुस्त व्हायला 1900 साल उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये थॉमस बॅन्क्रॉफ्ट यांनी डासांना केळं खायला घालून बरेच दिवस जिवंत ठेवलं, तेव्हा जंत पूर्ण वाढलेले दिसले. त्यांनी असे डास लंडनला मॅन्सन यांच्याकडे पाठवले. मॅन्सन यांचे सहकारी जॉर्ज लो यांनी त्यांचे बारीक काप करून बघितले, तर जंत थेट डासाच्या सोंडेत येऊन बसलेले. म्हणजे पाणीबिणी काही नाही, जंत चाव्यातूनच जात होते. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याच्या हार्टवर्मबाबतही हेच दाखवून दिलं. ज्या कुत्र्याच्या जंताने मॅन्सन यांना वाट दाखवली होती, त्याचंही कोडं माणसाच्या जंताबरोबरच सुटलं. स्वतःचं जुनं म्हणणं खोटं पाडणारं हे काम मॅन्सन यांच्याच देखरेखीखाली झालं होतं.

मधल्या काळात मॅन्सन यांचं आयुष्यही बरंच पुढे गेलं होतं. 1883 मध्ये ते हाँगकाँगला गेले. तिथे त्यांनी शुद्ध दूध मिळावं म्हणून डेअरी उभी करायला पुढाकार घेतला आणि 1887 मध्ये चिनी विद्यार्थ्यांसाठी मेडिकल कॉलेज सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. याच कॉलेजमधून बाहेर पडलेला एक विद्यार्थी म्हणजे आधुनिक चीनचे जनक सुन यत्-सेन. 1896 मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीने सुन यांना कोंडून ठेवलं, तेव्हा त्यांना सोडवायला धावपळ करणाऱ्यांमध्ये मॅन्सन होते.

1889 मध्ये ते ब्रिटनला परतले आणि पुढे लंडनमध्ये प्रॅक्टिस करू लागले. 1894 मध्ये त्यांच्याकडे भारतातून रजेवर आलेला एक डॉक्टर आला. त्याचं नाव रोनाल्ड रॉस. मॅन्सन यांनी त्याला मायक्रोस्कोपखाली मलेरियाचे परजीवी दाखवले आणि आपला तर्क सांगितला, की हत्तीरोगासारखाच मलेरियाही डासाच्या अंगात वाढत असणार.

रॉस या कल्पनेने असे झपाटले, की 1895 मध्ये मुंबईला उतरल्यावर सामान कस्टममधून सुटायच्या आधीच ते इथल्या सरकारी दवाखान्यात मलेरियाचे पेशंट शोधायला गेले होते, असं सांगतात. पुढची काही वर्षं दोघांमध्ये शंभरावर पत्रांची देवाणघेवाण झाली. रॉस निराश झाले की मॅन्सन धीर द्यायचे. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादमध्ये रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला आणि 1902 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मॅन्सन यांना नोबेल मिळालं नाही. पुढे गुरू-शिष्यांचं बिनसलंही.

पण लोकांना पटवायचं काम अजून बाकी होतं. 1900 मध्ये मॅन्सन यांनी रोमहून मलेरिया असलेले डास मागवले. लंडनमध्ये मलेरिया होण्याची शक्यता जवळपास नव्हती, त्यामुळे तिथे कुणाला तो झाला तर दोष डासांचाच हे सिद्ध होणार होतं. डास चावून घ्यायला पुढे आला त्यांचा स्वतःचा मुलगा, मेडिकलचा विद्यार्थी पॅट्रिक थर्बर्न मॅन्सन. त्याला ताप आला, रक्तात परजीवी सापडले आणि क्विनाइनने तो बरा झाला. अमॉयमध्ये माळ्याला डासांपुढे झोपवणाऱ्या डॉक्टरने लंडनमध्ये स्वतःच्या मुलाचा हात पुढे केला होता. हा मुलगा दोनच वर्षांनी, 1902 मध्ये, ख्रिसमस बेटावर बंदुकीच्या अपघातात गेला. मॅन्सन यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा घाव.

1899 मध्ये त्यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये उष्ण प्रदेशातल्या आजारांचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, जी आज जगातल्या नावाजलेल्या संस्थांपैकी एक आहे. 1903 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. 9 एप्रिल 1922 ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावाने आजही काही जंत ओळखले जातात. त्यातला एक 1882 मध्ये अमॉयमध्ये त्यांना एका माणसाच्या शवविच्छेदनात सापडला होता, पट्टकृमीच्या पिल्लाच्या रूपात. गंमत म्हणजे हा कृमी मोठा होऊन राहतो तो मांजर आणि कुत्र्याच्या आतड्यात. लहानपणी ज्या कुतूहलाने मांजर फाडली होती, ते असं फिरून त्यांच्याच नावाला चिकटलं.

आता या सगळ्याचा आपल्याशी आणि घरातल्या टॉमीशी काय संबंध?

हार्टवर्म भारतात सगळीकडे सारखा नाही. ईशान्येकडच्या राज्यांत तो जास्त आढळतो. दक्षिणेत, विशेषतः केरळात, त्याचा भाऊबंद असलेला आणि त्वचेखाली राहणारा डायरोफायलेरिया रेपेन्स दिसतो. तो कधीकधी माणसाच्या डोळ्यातही सापडतो. हार्टवर्म असलेल्या कुत्र्याला खोकला येतो, तो लवकर दमतो, वजन उतरतं. पण डास चावल्यापासून जंत पूर्ण वाढायला सहा-सात महिने लागतात आणि तोवर बाहेरून काहीच कळत नाही. मांजरीत जंत कमी असतात, पण एक-दोनही तिला भारी पडू शकतात.

यावरचा सोपा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा द्यायचं प्रतिबंधक औषध. ते चाव्यातून शिरलेल्या पिल्लांना मोठं होण्याआधीच मारतं. मोठे झालेले जंत मात्र त्याने लगेच मरत नाहीत, म्हणून आधी रक्ततपासणी करावी लागते. शिवाय काही जातींच्या कुत्र्यांना, उदाहरणार्थ कोलीला, यातली काही औषधं जास्त झाली तर जिवावर बेततात. त्यामुळे आपल्या भागात हे औषध गरजेचं आहे का आणि किती द्यायचं, हे व्हेटरनरी डॉक्टरांनाच विचारायचं. फॉरवर्ड आलेला डोस द्यायचा नाही.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध औषध आहे आयव्हरमेक्टिन. ते आधी जनावरांसाठी आलं आणि 1987 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या हार्टवर्मसाठी त्याला परवानगी मिळाली. ते शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. आणि आज विदर्भातल्या हत्तीरोग असलेल्या काही जिल्ह्यांत आशाताई घरी येऊन समोर ज्या गोळ्या खायला लावतात, त्यात हेच आयव्हरमेक्टिन असतं.

म्हणजे बघा, कुत्र्याच्या हृदयातल्या जंतामुळे माणसाच्या हत्तीरोगाचं कोडं सुटायला सुरुवात झाली आणि कुत्र्याचं औषधच पुढे माणसाच्या हत्तीरोगावर कामाला आलं. मधला दुवा तेव्हाही डास होता, आजही डासच आहे. त्यामुळे कूलरमधलं पाणी बदला, कुंडीखालची ताटली रिकामी करा आणि गटार तुंबलं असेल तर तक्रार करा. त्याचा फायदा घरातल्या सगळ्यांना होतो, दोन पायांच्या आणि चार पायांच्याही.